चौघांच्या घरात गॅस आणि लाइटबिल कमी करायला सुरुवात कुठून करावी? (कोल्हापूर)

आधी गिझरचा वेळ आवरा आणि गॅसची आच बारीक करा; दिवे बंद करत फिरण्यापेक्षा खरे पैसे इथंच वाचतात. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास तापला की 1 युनिट जातं, तेवढ्यात 9 वॅटचा एलईडी दिवा 100 तासांहून जास्त चालतो. महावितरणच्या घरगुती दरात 100 आणि 300 युनिटांनंतर पुढच्या युनिटांचा दर चढतो, म्हणून महिन्याच्या मधेच मीटरचा आकडा वहीत टिपा. मी तसंच करते, कुठं पाणी मुरतंय ते लगेच कळतं.

गॅससाठी:
- मटण कुकरलाच लावा, शिट्टी झाली की आच कमी. तांबड्या रश्शाला एकदा उकळी फुटली की मोठ्या आचेनं तो आणखी तापत नाही, नुसती वाफ जाते.
- हरभरे रात्रीच भिजवा.
- ज्योत पिवळी, पातेल्याचं बूड काळं? बर्नर साफ करून घ्या.

सोलर हीटर बसवणार असाल तर जरूर बसवा, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत आपल्याकडं पाणी कोमटच मिळतं, तेव्हा गिझर काढून टाकू नका.