बायबलमध्ये मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएल लोकांना रानात वाट दाखवणारे मेघस्तंभ आणि अग्निस्तंभ वेगवेगळे होते का? मुक्काम कधी हलवायचा हे इस्राएल लोकांना कसं कळायचं?

स्तंभ एकच होता, दिवसा मेघाचा आणि रात्री अग्नीचा दिसणारा. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारल्यावर त्यावरून मेघ वर उठला की मुक्काम हलायचा. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (१४:२४) अग्नी आणि मेघ यांचा मिळून एकच स्तंभ सांगितला आहे. साताऱ्यात संडे स्कूलच्या मुलांना हे शिकवताना मी माण-खटावच्या मेंढपाळांचं उदाहरण देते. त्यांचा तळ चारापाणी बघून हलतो. इस्राएलांचा मात्र मेघ बसून असेल तोवर हलत नसे, मग ते दोन दिवस असोत, महिना असो की त्याहून जास्त (बायबलचंच गणना हे पुस्तक, ९:२२). आणि समुद्राकाठी मिसरी सैन्य पाठीवर आलं तेव्हा हाच स्तंभ पुढून मागे येऊन दोघांच्या मधे रात्रभर उभा राहिला. वाट दाखवणाराच राखण करतो, हे मुलांना लगेच भिडतं. फक्त यावरून माणसाचा सल्ला नकोच, असा अर्थ काढू नका: मेघ सोबत असतानाही इस्राएलांचा पुढारी मोशे आपल्या सासरकडच्या होबाबाला विनवतो, रानात तळ कुठे द्यायचा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो (गणना १०:३१).