पीयूसीला (अकरावी-बारावीला) जीवशास्त्र घेतले नव्हते. भौतिकशास्त्रातून जैवभौतिकीत, पेशींच्या यांत्रिकीत संशोधनाला जाता येईल का? कोणती परीक्षा द्यावी?

जाता येते. जीवशास्त्र नसल्याची अडचण आपण समजता तेवढी मोठी नाही. आपण बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि घरचे विचारतात की, ‘पेशींकडेच वळायचे होते तर फिजिक्स कशाला घेतलेस?’ हा प्रश्न मीही खानापूरला आमच्या घरी ऐकला आहे, म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे.

माझे मामा निपाणीकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवीत. मी धारवाडला एम.एस्सी. करत असताना दिवाळीला सगळे जमले होते, तेव्हा त्यांनी चारचौघांत बजावले की ज्यांना गणित झेपत नाही तेच भौतिकशास्त्र सोडून असल्या विषयांच्या मागे लागतात. मामांपुढे उलट बोलण्याची आमच्याकडे रीत नव्हती, त्यामुळे मी गप्प राहिलो. पण ते बोलणे मला फार लागले.

पुढच्या उन्हाळ्यात विज्ञान अकादमींची संशोधन शिष्यवृत्ती मिळाली आणि मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत गेलो. तिथे काचेची बारीक नळी तापवून ओढत, की तिचे टोक एक-दोन मायक्रोमीटर व्यासाचे उरे. ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या रक्तपेशीला टेकवायचे आणि नळीला जोडलेले पाण्याचे भांडे हळूहळू खाली घ्यायचे. भांडे एक सेंटिमीटर खाली आले की सुमारे ९८ पास्कल इतके शोषण तयार होते आणि तेवढ्याने पेशीचे पटल, म्हणजे बाहेरचे पातळ आवरण, नळीत ओढले जाऊ लागते. माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात होते. तिथे २०० बार, म्हणजे दोन कोटी पास्कल, हा रोजचा आकडा. तेच द्रवाच्या दाबाचे शास्त्र इथे एका पेशीवर चालताना मी पाहत होतो.

आत ओढल्या गेलेल्या भागाची लांबी आणि दाब यांचा आलेख काढला की पटलाची ताठरता मोजता येते. दाब काढून घेतल्यावर पेशी साधारण दशांश सेकंदात मूळ आकारात येते, आणि हा काळ पटलाची श्यानता (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) व स्थितिस्थापकता यांच्या गुणोत्तरावरून ठरतो. सुमारे आठ मायक्रोमीटर रुंदीच्या या पेशीला स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांतून वाट काढावी लागते. मलेरियाचा परजीवी आत वाढला की ती ताठ होते आणि तिला ती वाट काढणे अवघड जाते. यात गणित कुठे कमी पडते, हे मामांनी मला आजही दाखवावे.

ज्या सी. व्ही. रामन यांचे नाव मामा वर्गात अभिमानाने घेत, त्यांचेच विद्यार्थी जी. एन. रामचंद्रन यांनी १९५४ साली मद्रासला गोपीनाथ कर्था यांच्यासह कोलॅजेन या त्वचा-हाडांतल्या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. लेझरच्या चिमट्याने जिवंत जिवाणू पकडून दाखवणारे आर्थर ॲश्किन यांना २०१८ चे नोबेल मिळाले, तेही भौतिकशास्त्राचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मूलपेशी (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात त्या) वेगवेगळ्या ताठरतेच्या जेलवर वाढवल्या होत्या: मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, मध्यम जेलवर स्नायूंच्या आणि ताठ जेलवर हाडाच्या. पायाखालची ताठरता पेशी ओळखते कशी, हा बल आणि विरूपणाचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायला भौतिकशास्त्राचीच माणसे लागतात. भौतिकशास्त्र सोडून कुठेही जायचे नसते, हे घरच्यांना ठामपणे सांगा.

परीक्षेविषयी थोडक्यात: जेस्ट, नेट आणि गेट या संशोधनाच्या प्रवेशासाठी उपयोगी पडणाऱ्या तिन्ही परीक्षा भौतिकशास्त्रातूनच द्या. बेंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांच्या त्या त्या वर्षीच्या जाहिराती स्वतः वाचा, कारण अटी बदलतात.

मात्र जीवशास्त्र अजिबात लागत नाही, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ घेऊ नका. पेशीशास्त्राचे एक जाडजूड पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून वाचावेच लागेल. पेशींची जोपासना शिकताना बुरशी लागून आठवड्याचे काम वाया जाते, आणि पेशी रविवार पाळत नाहीत. ज्यांना केवळ समीकरणांत रमायचे आहे त्यांनी याच विषयातली सैद्धांतिक बाजू निवडावी.

मुलाखतीला जाण्यापूर्वी सांख्यिकीय यांत्रिकी, म्हणजे असंख्य कणांच्या औष्णिक हालचालीचे सरासरीने गणित मांडणारी शाखा, मात्र पक्की करा. मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता की पाण्यातला एक मायक्रोमीटर व्यासाचा मणी नुसत्या औष्णिक हालचालीने एका सेकंदात साधारण किती सरकेल. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सूत्राने उत्तर येते जवळपास एक मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाइतके. हे गणित फळ्यावर उभे राहून, पुस्तक न उघडता करता आले पाहिजे.