ओपन सोर्स प्रकल्पाला पहिला पॅच कसा पाठवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नांदेडला डिप्लोमा करताय. एका मुक्त टेक्स्ट एडिटरमध्ये 'वाऱ्यावर', 'दऱ्या' अशा शब्दांत कर्सर भलतीकडेच जात होता, ते तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर दुरुस्त केलंत. आता ही दुरुस्ती मूळ प्रकल्पाला कशी द्यायची, आणि इंग्रजी कच्चं असेल तर चालतं का?

चालतं. मी लातूरला राहून असे पॅच, म्हणजे कोडमध्ये केलेले बदल, पाठवतो. पुण्याला गेल्याशिवाय हे जमत नाही असं आपल्याकडच्या पोरांना वाटतं, पण मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, गाव विचारत नाही, कोड बघतो. चूक शोधून दुरुस्त करण्याचं अवघड काम तुमचं झालंय. आता तुम्हाला कधी न भेटलेल्या माणसाला तो बदल पटवायचाय.

आधी प्रकल्पाचा ताजा कोड घेऊन चूक अजून आहे का ते बघा. आपल्या मशीनवरची आवृत्ती बहुतेक वेळा जुनी असते. रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) मोठी असेल आणि मध्येच लाइट गेली किंवा नेट तुटलं, तर गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) मधलं 'क्लोन', म्हणजे प्रत उतरवणं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून आधी 'डेप्थ १' देऊन फक्त शेवटची कमिट (बदलाची एक नोंद) उतरवा आणि नंतर 'फेच'ला 'डीपन' जोडून जुना इतिहास थोडा थोडा आणा. तो इतिहास लागतोच. 'गिट ब्लेम'ने ती ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली ते कळतं, आणि कधी कधी आपल्याला चूक वाटलेली गोष्ट मुद्दाम केलेली निघते.

मग नवी ब्रँच, म्हणजे बदलांसाठी वेगळी शाखा, काढा. एका कमिटमध्ये एकच बदल. एडिटरने फाइलभर मोकळ्या जागा आपोआप साफ केल्या असतील तर दोन ओळींच्या दुरुस्तीचा डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) दोनशे ओळींचा होतो, आणि असा डिफ कुणी वाचत नाही. 'गिट ॲड -पी' वापरून नेमक्या ओळीच निवडा.

खरा वेळ कमिटच्या संदेशाला द्या. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक रिकामी ओळ, खाली ७२ अक्षरांच्या आत मोडलेला मजकूर. काय बिघडत होतं, ते पुन्हा कसं घडवून बघायचं, हाच उपाय का निवडला. छोटी, साधी इंग्रजी वाक्यं पुरतात. तुमच्या बाबतीत इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वाचणाऱ्याला देवनागरी येत नसण्याचीच शक्यता जास्त. 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतली अक्षरं वेगळी. हे मराठी माणसाने सांगितल्याशिवाय त्याला समजणार कसं? म्हणून प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक संदेशात लिहा, आणि दोन्ही प्रकारांसाठी एकेक टेस्ट कोडमध्ये घाला. टेस्ट असली की पुढे कुणी नकळत ते मोडलं तरी लगेच कळतं. माझ्या मते अशा पॅचमध्ये टेस्टची किंमत दुरुस्तीइतकीच आहे.

पाठवायचं कसं, ते प्रकल्पाच्या 'कॉन्ट्रिब्युटिंग' फाइलमध्ये असतं. गिटहबवर असेल तर फोर्क (आपल्या खात्यात प्रत), पुश (तिथे बदल चढवणं), पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती). लिबरऑफिस गेरिट ही कोड परीक्षणाची वेबप्रणाली वापरतं. लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पॅच ईमेलने जातात: 'गिट फॉरमॅट-पॅच'ने फाइल बनवायची आणि 'गिट सेंड-ईमेल'ने साध्या मजकुरात पाठवायची. ब्राउझरमधल्या मेलमध्ये चिकटवू नका, टॅब आणि ओळी मोडतात. फाइल बनवायला नेट लागत नाही, त्यामुळे रात्री तयार करून सकाळी नेट आल्यावर पाठवता येतं. कर्नलमध्ये पाठवण्याआधी 'चेकपॅच' ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवा, आणि कुणाला पाठवायचं ते 'गेट_मेंटेनर' ही स्क्रिप्ट सांगते. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, असं तुम्ही तिथे लिहून देता. कर्नलमध्ये ही पद्धत २००४ पासून आहे.

परीक्षणात बदल सुचवले जातील, ती नेहमीची रीत आहे. प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या. पटलं नाही तर कारण सांगा. ईमेलवाल्या प्रकल्पात दुसरी आवृत्ती 'व्ही२' म्हणून पाठवा आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा. तिथला मजकूर वाचणाऱ्याला दिसतो, पण पॅच लागू करताना इतिहासात जात नाही. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबा, मग त्याच धाग्यात एका ओळीची नम्र आठवण करा.