केएनएक्सच्या हिरव्या केबलला घरचे नेटवर्क जोडताना

प्रश्न : पुण्यातील आमच्या बंगल्याचे बांधकाम सुरू असतानाच दिवे, पडदे आणि एसी यांसाठी केएनएक्स या घर-स्वयंचलन प्रणालीची हिरवी केबल टाकून घेतली होती. भिंतीवरची बटणे उत्तम चालतात, मात्र मोबाइलवरून काहीच चालवता येत नाही. डीबीमध्ये (विजेच्या मुख्य पेटीत) नेटवर्कचे उपकरण बसवावे, असे इलेक्ट्रिशियनने सुचवले आहे. बाजारात ‘आयपी इंटरफेस’ आणि ‘आयपी राउटर’ असे दोन प्रकार दिसतात. कोणता घ्यावा आणि जोडताना काय सांभाळावे?

उत्तर : तुमची सगळी उपकरणे एकाच लाइनवर, म्हणजे केबलच्या एकाच सलग जाळ्यावर, असतील, आणि बहुतेक बंगल्यांत ती तशीच असतात, तर आयपी इंटरफेस पुरेसा आहे. आयपी राउटर हा खरे तर लाइन कपलर असतो. अनेक लाइन असलेल्या मोठ्या इमारतीत त्या लाइन इथरनेटवरून एकमेकींना जोडणे आणि नको ते टेलिग्राम (केबलवरून जाणारे निरोप) अडवणे यासाठी तो लागतो. त्याचा निरोप मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवण्याच्या पद्धतीने, जातो व घरगुती वाय-फायवर मल्टिकास्ट भरवशाचे नसते. इंटरफेस प्रत्येक ॲपशी किंवा सर्व्हरशी थेट, स्वतंत्र जोडणी करतो; तिला ‘टनेल’ म्हणतात. असे टनेल किती मिळतात, हे खरेदीपूर्वी अवश्य पाहा. जुन्या मॉडेलांत एकच टनेल असे, त्यामुळे सर्व्हर जोडलेला असताना प्रोग्रामरचा लॅपटॉप आत शिरू शकत नसे. चार किंवा अधिक टनेल असलेला इंटरफेस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र उपकरण आणण्याच्याही आधी एक गोष्ट मिळवा, ती म्हणजे तुमच्या घराची ईटीएस (केएनएक्सची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट फाइल. बसवरून, म्हणजे या हिरव्या केबलवरून, ‘१/२/५ : चालू’ एवढाच निरोप फिरत असतो, तो दिवाणखान्यातल्या झुंबरासाठी आहे की गच्चीवरच्या दिव्यासाठी, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. फाइल नसेल तर एकेक बटण दाबून, बसवर काय उमटते ते पाहून यादी करावी लागते. ते काम वेळखाऊ आहेच, शिवाय पडदा किती सेकंदांत उघडतो किंवा मंद केलेला दिवा कुठवर उतरतो अशा आतल्या नोंदी त्यातून परत मिळत नाहीत. ही फाइल घराच्या नकाशाइतकीच मालकाच्या हक्काची आहे आणि ज्यांनी काम केले त्यांच्याकडून ती मागून घेण्यात अजिबात संकोच करू नये.

आता प्रत्यक्ष जोडणी. हिरव्या केबलमधील लाल तार धन आणि काळी तार ऋण. याच जोडीवर सुमारे ३० व्होल्ट डीसी दाब आणि निरोप दोन्ही एकत्र वाहतात. पिवळी-पांढरी जोडी सहसा राखीव असते. इंटरफेस डिन रेलवर (डीबीत उपकरणे अडकवायच्या पट्टीवर) बसतो आणि लाल-काळ्या छोट्या टर्मिनलने बसला जोडला जातो. बसचा पुरवठा देणाऱ्या पॉवर सप्लायवर पुष्कळदा ३० व्होल्टचे आणखी एक, सहायक आउटपुट असते. त्यात चोक (निरोप दबू न देणारे वेटोळे) नसतो, त्यामुळे चुकून तिथे तार लागली तर उपकरणाला वीज मिळूनही संवाद होत नाही, आणि दोष सापडायला फार वेळ जातो. बसचा दाब सौम्य असला तरी त्याच डीबीत २३० व्होल्ट असतात; म्हणून मेन बंद करूनच हात घालावा, आणि लॅन केबलचे वरचे आवरण शक्य तितके शाबूत ठेवून ती मेनच्या तारांपासून वेगळ्या वाटेने न्यावी. काही इंटरफेस बसवरच चालतात, तर काहींना पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणारा) स्विच किंवा वेगळा पुरवठा लागतो. बसवर चालणारा घेतलात, तर पॉवर सप्लायमध्ये तेवढे मिलिअँपिअर शिल्लक आहेत ना, याची बेरीज करून पाहावी.

यानंतर ईटीएसमधून इंटरफेसला पत्ता द्यायचा : उपकरणावरचे प्रोग्रामिंग बटण दाबले की लाल दिवा लागतो आणि सॉफ्टवेअर त्याच उपकरणात पत्ता लिहिते. प्रत्येक टनेललाही त्याच लाइनवरचा, दुसऱ्या कुणाला न दिलेला पत्ता लागतो. इंटरफेसला १.१.२५० दिला, तर टनेलना १.१.२५१ पासून पुढचे देता येतील. हे पत्ते आधीच्या एखाद्या उपकरणाशी जुळले, तर कधी चालते, कधी नाही, असा त्रास सुरू होतो. घरच्या वाय-फाय राउटरमध्ये इंटरफेसचा आयपी पत्ताही कायम करून ठेवावा. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या : बसचा वेग सेकंदाला ९६०० बिट एवढाच आहे. दर काही सेकंदांनी प्रत्येक दिव्याची स्थिती विचारणारे ॲप बस तुंबवते. स्थिती बदलल्यावर उपकरणाने स्वतःहून कळवावे, अशीच मांडणी करून घ्यावी.

प्रश्न : गावी गेल्यावरही घर पाहता यावे म्हणून वाय-फाय राउटरवर ३६७१ हे पोर्ट उघडून ठेवा, असे आम्हाला सांगितले आहे. ठेवावे का?

उत्तर : कदापि ठेवू नये. केएनएक्सची साधी आयपी जोडणी पासवर्ड विचारत नाही. पोर्ट, म्हणजे नेटवर्कमध्ये बाहेरून येण्याची वाट, उघडे राहिले की जगातील कोणीही तुमच्या बसवर लिहू शकतो. २०२१ मध्ये जर्मनीतील एका कार्यालयीन इमारतीत असेच घडले. इंटरनेटवर खुल्या राहिलेल्या पोर्टमधून कुणीतरी शिरले, उपकरणांतील प्रोग्राम पुसला आणि बीसीयू की नावाचा पासवर्ड लावून ती कुलूपबंद केली. तीन चतुर्थांश उपकरणे निकामी झाली आणि दिवे हाताने, डीबीतल्या स्विचवरून चालवण्याची वेळ आली. बाहेरून यायचे असेल तर व्हीपीएनमधूनच (घरच्या नेटवर्कशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीतूनच) यावे. पुष्कळ घरगुती राउटरांत ती सोय आता असते. नवा इंटरफेस घेताना केएनएक्स सिक्युअर (निरोप सांकेतिक करून पाठवण्याची सोय) असलेला घ्यावा, बीसीयू की तुमच्या प्रोजेक्टमध्ये आधीच लावून घ्यावी, आणि उपकरणासोबत आलेले त्याच्या स्वतःच्या किल्लीचे (बीसीयू कीहून वेगळ्या, कारखान्यात दिलेल्या सांकेतिक क्रमांकाचे) लेबल प्रोजेक्ट फाइलच्या प्रतीसोबत घरात जपून ठेवावे. कारण उपकरण रीसेट करून पुन्हा सुरक्षित पद्धतीने सुरू करताना तीच किल्ली लागते.