पाळी आली, आता मैदान बंद?

"मॅडम, पोरगी शहाणी झाली. आता मैदानावर कशी पाठवू?" वस्तीतल्या आया हा प्रश्न मला वारंवार विचारतात. पुण्यातल्या जनता वसाहतीतल्या एका घराची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सोनी १३ वर्षांची, सातवीत. वर्षभर खो-खो खेळत होती. पाळी आली आणि आईनं खेळ बंद केला. महिन्याभरात ती वर्गात बोलेनाशी झाली, म्हणून बाईंनी माझ्याकडे पाठवलं. दोन भेटींत तिनं मानसुद्धा वर केली नाही. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "मला खो-खो येत नाही गं, दाखव ना." तशी उठली. खुर्च्या सरकवल्या, मला पाठमोरं बसवलं आणि मागून पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!" शिपाईमामा दारातून डोकावले. सोनी म्हणाली, "नुसता हात लावून चालत नाही मॅडम. आवाज आला नाही तर फाउल देतात." वडील घरात असले की ही पोर कुजबुजत बोलते, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

आई सहकारनगरला चार घरची धुणीभांडी करते. कामं आटपून शनिवारी दुपारी आली. अशा वेळी आईला मुलीचे हक्क समजावत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. तिला बोलू द्यावं. खरी गोष्ट ओठांवर यायला अर्धा तास गेला. "आतलं काही बिघडत नाही ना? उद्या लग्नात कुणी बोट ठेवलं तर?"

मी सरळ सांगितलं. योनीपटल, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेलं आवरण, पातळ, लवचिक असतं. प्रत्येकीचं वेगळं, कुणाचं जन्मतःच नावापुरतं. त्यावरून मुलीबद्दल काहीही ठरवता येत नाही. खेळल्यानं पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. पाळीतही खेळता येतं. पोट दुखत असेल त्या दिवशी बसावं, आणि दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ते खरं हो. पण अंधार पडल्यावर कोपऱ्यावर पोरं बसतात त्याचं काय?"

ही भीती खोटी नव्हती. ती वाट मी पाहिलेली आहे. खेळाच्या ताईंशी बोलले, त्यांनी सराव अर्धा तास आधी घ्यायचं कबूल केलं. गल्लीतल्या चौघी एकत्र जातील, एकत्र येतील. धाकट्या भावाला सोनीनं बरोबर आणलं तरी चालेल. हाफ पँटऐवजी ट्रॅक पँट. इतकं ठरलं तेव्हा कुठे आईचा चेहरा सैल झाला.

वडील मला भेटायला आले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे, पुण्याचीच. तो व्हिडिओ सोनीनं वडिलांना मोबाइलवर दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण अडवलंही नाही. एवढंही मला पुष्कळ वाटलं.

सराव सुरू झाला आणि चौथ्या दिवशी सोनीला चक्कर आली. सकाळपासून पोटात फक्त चहा-चपाती. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून ती दप्तरात टाकून द्यायची. कंपास पेटीत अकरा निघाल्या. जेवणानंतर घ्यायची, वर लगेच चहा प्यायचा नाही, हे मी आईसमोरच समजावलं.

आई त्या गोळ्यांकडे बघत राहिली. "मॅडम, भांडी घासून उठताना मलाही डोळ्यांपुढं अंधारी येते. मी घेऊ का ह्यातली एक?"

मोठ्या बायकांची गोळी वेगळी असते. मंगळवारी तिला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासायला गेले.