वाचक विचारतात : रेडिओवरचे सोलापूरचे कवी

प्रश्न : आकाशवाणीसाठी ‘सोलापूरचे कवी’ या विषयावर दहा मिनिटांचं भाषण लिहिलंय. फुलस्केपची अकरा पानं झाली. भरभर वाचून बसवू का?
– एक शिक्षिका, अक्कलकोट

उत्तर : भरभर वाचू नका, मजकूर कमी करा. मिनिटाला १०० ते ११० शब्द, एवढाच वेग कानाला झेपतो. उद्घोषणा धरून तुमच्या हाती साडेनऊ मिनिटं उरतात, म्हणजे हजार शब्दांच्या आत थांबायला हवं.

कात्री आधी नावांच्या यादीला लावा. कुंजविहारी, संजीव, दत्ता हलसगीकर अशी नावं एका दमात आली की श्रोत्याच्या हाती एकही लागत नाही. छापील पानावर डोळा मागे नेता येतो, रेडिओवर ते शक्य नसतं. दोनच कवी घ्या आणि प्रत्येकाला चार मिनिटं द्या. बाकीचे गाळताना जीव तुटतो हे खरं, पण त्यांच्यासाठी दुसरं भाषण मागून घ्या.

सालांचंही तसंच. एकमेकांना धरून येणारी सालं तेवढी ठेवा. १९४१ चं साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, अध्यक्ष वि. स. खांडेकर. २००६ साली ते पुन्हा इथे भरलं, तेव्हा अध्यक्ष होते सोलापुरातच जन्मलेले मारुती चितमपल्ली. अशी जोडी लक्षात राहते. पुरस्कारांची सालावळ राहत नाही.

‘वरील ओळी’, कंस, अवतरणचिन्हं यांतलं काहीच ऐकू येत नाही. कविता कुठे सुरू झाली ते वाक्यातच सांगा आणि क्षणभर थांबा. ‘जग’ आणि ‘जगणं’ यांतले ‘ज’ वेगळे आहेत. घाईत हमखास घसरतात, म्हणून अक्षराखाली पेन्सिलीने खूण करा. सोलापूरचा श्रोता मराठीइतकाच कन्नड-तेलुगू घरातलाही आहे. तिथली आडनावं त्या घरातल्या माणसाकडून एकदा म्हणवून घ्या.

कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत मोकळी जागा सोडून लिहा. पानाच्या शेवटी वाक्य तोडू नका, नाहीतर पान बदलताना आवाज लटकतो. टाचण्या काढा, पान उचलू नका, बाजूला सरकवा. माइक वीतभर दूर आणि तोंडासमोरून थोडा तिरका हवा. ‘फ’, ‘भ’ची हवा थेट आदळली की धप्प आवाज येतो.

प्रश्न : शाहीर अमर शेख यांची पूर्ण कविता कार्यक्रमात वाचायला परवानगी लागते का?
– वाचक, बार्शी

उत्तर : लागते. हक्क कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. शाहीर १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ च्या अखेरपर्यंत. वारसांचं किंवा हक्क ज्यांच्याकडे आहे त्या प्रकाशकाचं लेखी पत्र घ्या. समीक्षेच्या ओघात दोन-चार ओळी कवीच्या नावासह उद्धृत करायला हरकत नाही.

प्रश्न : वडिलांचं काव्यवाचन रेडिओवरून टेप केलेली जुनी कॅसेट आहे. संगणकावर कशी घ्यावी?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लगेच वाजवू नका. आधी कॅसेटच्या मागच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची कानं तोडा, म्हणजे चुकूनही वर नवं रेकॉर्डिंग होणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडेच न्या. टेपमागची नमद्याची गादी गळली असेल तर आवाज बसका येतो. अशा वेळी टेप स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घालावी लागते. सगळं ठीक असेल तर टेप एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळा, प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या.

प्लेअरची लाइन-आउट संगणकाच्या लाइन-इनला जोडा. माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो. शब्द कापसातून आल्यासारखे वाटले, तर हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवून ‘स’ सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते पाहा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल घ्या. खरखर काढायची असेल तर ती प्रतीवर काढा, मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्या. सुरुवातीची उद्घोषणाही कापू नका. कार्यक्रमाचं नाव बहुधा तिच्यातच सापडतं.