दुसऱ्यांदा टेबलावर जायच्या आधी

पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच आली नाही बघ. मांडीची चरबी काढून छातीत भरली, डाव्या बाजूला पू झाला, आता तिथं गाठ लागायली आणि दोन्ही बाजू सारख्या दिसंनात, म्हणून आता इम्प्लांट, म्हणजे छातीत बसवायची तयार पिशवी, टाकून घ्यावं म्हणायलीस. पहिलं ऑपरेशन कामून केलंस असं मी विचारणार नाही, ते विचारणारे तुझ्या घरात भरपूर असतील. पण बावीस वर्षं लातूरला ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढलीत, तर जे माहीत आहे ते सांगते.

आधी ती गाठ. भरलेल्या चरबीला रक्त पोचलं नाही की ती आतच मरती, कडक होती, कधी कधी तेलकट पाणी साचतं, बहुतेक वेळा साधंच असतं पण हाताला कॅन्सरची गाठ पण अशीच लागू शकते, म्हणून सोनोग्राफी करच आणि डॉक्टर म्हणले तर सुईची तपासणी पण. त्याला पुण्या-हैदराबादला पळायची गरज नाही, लातूर-नांदेडात होतं. आणि आतली सूज पूर्ण उतरायला महिने लागतेत, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनला सहा महिने तरी थांब. दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार म्हणून घाई करायलीस ते मला अजिबात पटलं नाही.

आता इम्प्लांटचं. "एकदा टाकलं की आयुष्यभर टेन्शन नाही" असं कुणी म्हणलं तर तिथून उठून ये. ते जन्मभराचं नसतं, अमेरिकेत तर 2021 पासून तसा ठळक इशारा द्यावाच लागतो. शरीर त्याच्याभोवती आवरण करतं, सगळ्यांचंच करतं, पण काहींचं ते आवळत जातं, छाती दगडासारखी होती, दुखती, आणि मग परत ऑपरेशन. सिलिकॉनचं आत फाटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी परत. हा खर्च कोण करणार ते आजच घरी बोल, नटण्यासाठीच्या ऑपरेशनला विमा सहसा पैसे देत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमा नावाचा एक दुर्मिळ कॅन्सर सापडलाय, 2019 ला त्यातले काही जगभरातून परत घेतले, तर कोणतं टाकणार हे नाव आणि नंबरासकट विचार आणि त्याचं कार्ड हातात घे.

डॉक्टर एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी, म्हणजे त्यातलंच खास शिक्षण झालेलाच पाहिजे, बोर्डावर नुसतं कॉस्मेटिक लिहिलेलं चालणार नाही. आधीच्या दवाखान्यातून ऑपरेशनचे कागद माग, तुझा हक्क आहे, लाजू नको. आणि तू मिसरी लावतीस का? खरं सांग. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतेत, जखम भरत नाही, ती सगळ्यात आधी बंद.

एक गोष्ट राहिली, काहीच न टाकता फक्त मेलेली चरबी काढून आकार नीट करता येतो का हे पण सर्जनला विचार. बऱ्याच पोरींना हा रस्ता कुणी सांगतच नाही.

सोनोग्राफीला सोमवारी जा. एकटी जाऊ नको, मी येते.